आठ लुगडी आणि एक हात

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर रस्ता मोजला. तोही लुगड्याने.

घरात टेप होती. पण माझ्या बायकोचा, बामीचा, टेपवर विश्वास नव्हता. टेप ताणली की खोटं बोलते म्हणायची. तिच्या सगळ्या दुनियेचं माप एकच, तिचं नऊवारी लुगडं. आमची खानावळ दीड लुगडं लांब, अर्धं लुगडं रुंद. पोरीचं सासर बदलापूर स्टेशनापासून साठ लुगडी. हे ती रिक्षावाल्यालाही असंच सांगायची आणि तो माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार? मी चौथी शिकलेला माणूस. तिला तर अक्षराची ओळख नाही. पण तिच्या मापाने कोणाला कमी पडलंय असं कधी झालं नाही.

तर त्या दिवशी दुपारची गिऱ्हाइकं गेली, ऊन उतरलं, आणि आम्ही तिचं जुनं हिरवं लुगडं घेऊन रस्त्यावर उतरलो. पुढचं टोक तिच्या हातात, मागचं माझ्या. मोजायचं होतं आमच्या खानावळीच्या दारापासून मागच्या म्हसोबाच्या देवळापर्यंत. बंद पडलेल्या चप्पल कारखान्याला वळसा घालून, नाल्याच्या कडेने.

"नीट धरा. ढिलं सोडू नका."

"धरलंय गो."

"आन जरा वाकडं चाला."

"वाकडं का?"

"पिऊन येता तवा चालता ना, तसं. तेवढंच अंतर वाढंल."

नाक्यावरची रिकामी पोरं हसली. मी नेमका त्या दिवशी प्यायलेलो नव्हतो, त्यामुळे मला वाकडं चालणं जमेना. मोजून झालं. आठ लुगडी आणि एक हात. पाहिजे होती नऊ लुगडी दोन हात. ती देवळासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "अगो, देवाला एक लुगडं पुढे सरकवू. कोण बघतंय?"

"देव काय टेबल हाय सरकवायला?" मग म्हणाली, "सकाळी बघू."

घरी येऊन तिने लुगडं धुतलं, दोरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर टेबल पुसत होतो, तेव्हा आतून भाकरी जळाल्याचा वास आला. बामीची भाकरी कधी जळायची नाही. म्हणून आत गेलो. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. हाताला पीठ तसंच. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मला विचाराल तर मला अजून समजलेलं नाही.

समजलेलं नाही असं बरंच आहे. हे मोजमाप कशाला, तर दारूच्या लायसनसाठी. खानावळीत बसून पिता यावं याचं लायसन. आता तुम्हाला वाटेल बाई दारूवाली असेल. उलटं आहे. अंबरनाथपासून उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पापर्यंत दारूचा असा वैरी दुसरा नव्हता.

आमच्या खानावळीत शिरायची एक पद्धत होती. दारात बामी उभी. बाप्या माणूस आला की म्हणायची, "हा कर." त्याने तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला तर बाहेर. मग तो मुकादम असो, नगरसेवकाचा मेहुणा असो. एकदा एक बँकेचा साहेब आला, सुटाबुटात. "हा कर." साहेब म्हणाला, मॅडम मी मॅनेजर आहे. "मंग मॅनेजरचा हा कर." त्याने केला. खोकल्याच्या औषधाचा वास निघाला. बामीने त्याला बसवला, आणि बोंबलाच्या कालवणाआधी गरम पाणी पाजलं.

मलाही रोज संध्याकाळी हीच परीक्षा. मी कामाला होतो तो चप्पल कारखाना बंद झाल्यापासून पितो. चार नंबर कॅम्पात एक बार आहे, तिथे जायचो, चालत. लपवण्यासारखं काही नाही. परत आलो की दारात बामी. "हा करा." मी करायचो. ती ताट वाढायची. नापास झालो तरी जेवण मिळणारा गावात मी एकटाच.

काही वर्षांपूर्वी वस्तीतलं दारूचं दुकान बंद करायचं म्हणून बायकांचं मतदान झालं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं, उभी आणि आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर बंद. बामीने आमच्या बुवापाड्यात घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. दुकान बंद झालं. म्हणूनच मला चार नंबरला चालत जावं लागायचं.

आणि हीच बाई एके दिवशी किशनला घेऊन आली. किशन म्हणजे दोन नंबर कॅम्पातला सिंधी पोरगा, पन्नाशीचा आहे पण मला पोरगाच, सरकारी कागद करून देतो. मी खाटेवर पडलो होतो. चार दिवसांपूर्वी बारमधून येताना नाल्यात पडून मनगट मोडलं होतं. भाजीवाल्याने ओढून काढलं. बामी त्यावर एक शब्द बोलली नव्हती, त्यानेच मला भीती वाटत होती.

"सही करा," ती म्हणाली.

"कसली?"

"दारूच्या लायसनची. दोघांच्या नावानं हाय."

मला वाटलं हाताबरोबर माझ्या डोक्यावर पण परिणाम झालाय. पण तीन बोटं बाहेर होती, तेवढ्याने सही केली. मग दुसरा कागद पुढे आला. हा कसला? तर दारू प्यायचा परवाना, माझ्या नावाचा, आयुष्यभराचा. किशन म्हणाला, "बाबा, अब लीगल पियो." म्हणजे इतकी वर्षं मी चोरून पीत होतो आणि मलाच माहीत नव्हतं. आणि ही परवानगी कोण देतं? दारूबंदीचं ऑफिस. दारू विकायची तरी त्यांनाच विचारायचं, प्यायची तरी त्यांनाच विचारायचं. मी किशनला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं.

मग बामी कागदांच्या मागे लागली. पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला मागायला गेलो. तिथे एक तरुण हवालदार. बामी त्याला म्हणाली, "माज्या चारित्र्याचं तुला काय ठाव? माज्या सासूला इचार."

"कुठे असतात सासूबाई?"

"मेली. पन असती तरी तिनं काय चांगलं सांगितलं नसतं."

हवालदाराने चहा मागवला.

आजूबाजूच्या बायकांची सहमती घ्यायला ती स्वतःच फिरली. त्याच बायका, ज्यांना तिने मतदानाला नेलं होतं. एक जण तर दारातच ओरडली, "बामीआक्का, डोकं फिरलं काय? आम्हाला आडव्या बाटलीवर शिक्का मारायला लावलात ना तुम्ही!"

"तवा आडवी होती. आता उभी करायची हाय. सही कर."

"पण कशाला?"

"तुला भाकरीचं पीठ उसनं देते तवा मी इचारते का कशाला?"

बाईने सही केली. बामीला कोणी नाही म्हणत नसे.

मला मात्र राग यायला लागला. खानावळ बरी चालली होती. सात टेबलं, तांदळाची भाकरी, ओलं-सुकं मासळीचं जेवण. एके दिवशी मी तिला तोंडावर म्हटलं, "तुला पैशाची चटक लागलीय. लोकांचे संसार बुडवून पैसे पाहिजेत तुला." ती भाकरी थापत होती. थापत राहिली. मी अजून काही बोललो असेन. मग ती म्हणाली, "हा करा." मी केला. वास होता. "जेवा आता," म्हणाली.

शेवटी अडलं ते देवळावर. किशन म्हणाला, देऊळ पंच्याहत्तर मीटरच्या आत नको, आणि माणूस चालतो त्या वाटेने मोजतात. बामीने शिंप्याकडून त्या मीटरचा हिशेब लुगड्यांत करून आणला, नऊ लुगडी आणि दोन हात. पण देवळाची एक गोष्ट फक्त आम्हा दोघांनाच माहीत होती. ते देऊळ बामीनेच केलेलं होतं.

झालं असं की, आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर येणारा-जाणारा लघवीला उभा राहायचा. आत मासळी तळतेय आणि बाहेर हे. बामीने शिव्या दिल्या, पाणी फेकलं, पाटी लावली, काही उपयोग नाही. मग तिने वालधुनी नदीच्या काठचा एक गोल धोंडा उचलून आणला. त्याला शेंदूर फासला, समोर दोन लिंबं ठेवली. आठ दिवसांत भिंत कोरडी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. महिन्याभराने कोणीतरी नारळ वाहिला. मग वर पत्रा आला, घंटा आली, कोणाच्या पोराला नोकरी लागली म्हणून फरशी आली. रविवारी रांग लागायला लागली. म्हसोबा नवसाला पावतो म्हणे.

एक दिवस बघतो तर बामी स्वतःच तिथे हात जोडून उभी. डोळे मिटलेले.

मी म्हटलं, "अगो, हा धोंडा तूच आणलास ना?"

"धोंडा मी आनला," ती म्हणाली. "देव नंतर आला."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी तिथे दिवा लावायची. काय मागायची ते मी विचारलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक मागत असेल.

तिचं कार्य आटोपल्यावर खानावळ पंधरा दिवस बंद होती. मग तिच्या हाताखालची सुनंदा म्हणाली, बाबा, मी रांधते, तुम्ही दारात बसा. चालू केली. मी दारात बसतो. मला 'हा कर' म्हणायला जमत नाही. दोन-तीन जण आपणहून थांबतात, तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात आणि आत जातात.

परवा दुपारी किशन फाईल घेऊन आला. म्हणाला, "बाबा, सब हो गया है. मंदिराचं अंतर लिहायचं तेवढं बाकी. लायसन घ्यायचं का सोडायचं?"

डोकं चालत नव्हतं, म्हणून मी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. लघवीचं, धोंड्याचं, लिंबांचं. किशनने टेबलावर थाप मारली.

"अरे बाबा! तो फिर मंदिर है ही नहीं! लिहून द्या ना, आमच्या बायकोने दगड ठेवला होता, देऊळ-बिऊळ काही नाही. दोन ओळी. बाकी मी बघतो."

दोन ओळी. एवढं सोपं होतं तर बामीने का लिहून दिलं नाही?

"और ये प्लान पे एक सही," किशन म्हणाला. खानावळीचा नकाशा होता, त्यानेच काढलेला. सात चौकोन म्हणजे सात टेबलं. प्रत्येकाला चार-चार बारके चौकोन, त्या खुर्च्या. सातव्याला एकच.

"इथे खुर्च्या विसरलास."

"विसरलो नाही बाबा. मावशीने तीनदा रबर मारायला लावला. बोली, ह्या टेबलाला एकच खुर्ची. तोंड माझ्या खिडकीकडे." बामी भाकऱ्या करायची तिथे एक खिडकी आहे, ताटं बाहेर द्यायला. "मी विचारलं, मावशी, इथे कोण बसणार? बोली, एक गिऱ्हाईक हाय. लांबून येतं. पडतं."

मी नकाशा हातात धरून बसलो. किशन चहा पिऊन गेला, उद्या येतो म्हणाला.

संध्याकाळी मी सातवं टेबल ओढून नकाशात होतं तिथे नेलं. एक खुर्ची ठेवली, खिडकीकडे तोंड करून. बसलो. खिडकीत सुनंदा. ती म्हणाली, "काय पाहिजे बाबा?" मी म्हटलं, काही नाही. चार नंबरला गेलो नाही त्या दिवशी. सोडली असं नाही, खोटं कशाला सांगू. पण पिऊन यायचं तर दारात कोणीतरी पाहिजे.

बसून मी दोन ओळींचा विचार केला. तिला लायसन पाहिजे होतं, ते माझ्यासाठी. आणि देव पण पाहिजे होता. तो कोणासाठी, हे आता मला विचारायला लागत नव्हतं.

सकाळी उठलो. तिची तेलाची बाटली घेतली, शेंदूर घेतला, म्हसोबाकडे गेलो. दिव्याची वात मला नीट वळता येत नाही, दोनदा विझला. तिसऱ्यांदा राहिला. परत आलो तर किशन दारात उभा. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि मोकळ्या जागेत माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, 'देऊळ आहे. आठ लुगडी एक हात.'

किशनने वाचलं. परत वाचलं.

"बाबा, ये क्या लिखा? लायसन नाही मिळणार अशाने. टेप लावून तरी बघू ना एकदा."

मी म्हटलं, "मोजलंय. दोघांनी मोजलंय."