निवांत शब्दाचे नाना

‘निवांत’ हा शब्द नाना इतक्या जोरात उच्चारतात की समोरच्या गच्चीवरची माकडं पळून जातात.

नाना म्हणजे काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातले माझे घरमालक, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून मी इथे आलो, त्या दिवशी सामान टेकवायच्या आत त्यांनी माझी बाही धरली. “सातारकर, निवांत शब्दाचं मूळ ठाऊक आहे? नाही? बसा, आरामात सांगतो, जल्दी काय आहे!”

मूळ असं. अहिल्याबाई घाटावर एक म्हातारी दिवा लावायची आणि वायुदेव येता-जाता तो विझवायचा. शेवटी ती म्हणाली, “बाबा, तुला घरी कुणी वाट बघणारं नाही का?” वायुदेव शरमला आणि श्वास रोखून पायरीवर बसला. वारा थांबला, म्हणजे निवात. त्याचंच पुढे निवांत.

“पण नाना, हा घाट तर अलीकडचा.”

“तुम्ही बँकवाले! देवाकडेसुद्धा कागजात मागता!”

ही कथा कोणत्या पुराणातली, असं विचारलं की नाना पान लावायला घेतात.

शांततेचा हा पुजारी दिवसभर भांडतो. शेजारणीच्या कुकरशी, भाजीवाल्याच्या भोंग्याशी, गल्लीत आडव्या बसलेल्या सांडाशीसुद्धा. “निवांत राहू द्या!” ही त्यांची आरोळी उठली की उरलीसुरली शांतताही गंगार्पण होते. काकू हसून म्हणायच्या, “अहो, तुम्ही गप्प बसा, म्हणजे सगळी काशी निवांत होईल.”

या हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या अंथरुणाला खिळल्या, वाचा गेली. परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. नाना उशाशी बसून त्यांना तीच कथा सांगू लागले, तीही मुद्दाम चुकवून. कधी म्हातारीच्या जागी म्हातारा घालायचे, कधी घाटच बदलायचे. चुकलं की टोकायची काकूंची जुनी सवय. पण काकू नुसत्या छताकडे बघत राहायच्या. नानांचा आवाज तेवढ्यापुरता खाली यायचा आणि मला तो ऐकवत नसे.

परवा एक वरात गल्लीत अडकली. पुढे सांड बसलेला, त्यामुळे बँड नेमका आमच्या दाराशी वाजत राहिला. नाना तरातरा खाली उतरले. आज डोकी फुटणार, म्हणून मीही मागे धावलो.

नानांनी बँडमास्तरापुढे हात जोडले. “भइया, थोड़ा और बजा दीजिए. जोर से!”

मी बघतच राहिलो. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “सातारकर, ती बोलली हो! कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘बंद करा.’”

बँड पुन्हा दणाणला. वरच्या खिडकीतून अडखळता, चिडलेला आवाज आला, “अहो... बंद...”

नाना मान वर करून हुंदके देत ओरडले, “ओरड गं, अजून ओरड!”