खोकल्याचे मास्तर

धर्माकाका माणसाला चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून ओळखतात. एसटीत मागच्या बाकावर कोणी खोकलं की मान न वळवता सांगतात, "हा सर्दीचा." पुढच्या थांब्यावर दुसरं कोणी खोकलं की, "हा विडीचा." एखादा खोकला ऐकला की मात्र ते उठून त्या माणसाशेजारी जाऊन बसतात आणि विचारतात, "किती दिवस झाले, भाऊ?" दोन आठवड्यांच्या वर उत्तर आलं की, बाकीचे लोक तंबाखूची पुडी काढतात तशी, काकांच्या खिशातून झाकणाची प्लास्टिकची डबी निघते.

तलासरीच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. काका आमचे टीबीचे फिरते कर्मचारी. मोटरसायकलला मागे बर्फाची पेटी बांधून ते गावोगाव जातात, खोकणारी माणसं शोधतात आणि त्यांचे नमुने माझ्यापर्यंत आणतात. सरकारच्या हिशेबाने ही नोकरी आठ तासांची आहे. काकांना ते कोणी सांगितलेलं नसावं. कोसबाडला भाच्याच्या लग्नात त्यांनी ऐन हळदीत नवरीच्या मामाला मांडवामागे नेऊन डबी भरून घेतली. वरमाई म्हणजे काकांची सख्खी बहीण. ती पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मामा मात्र गोळ्या खाऊन खडखडीत बरा झाला आणि आता घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका काकांना देतो.

काकांचा जीव जळतो तो एकाच गोष्टीने. लोक डबीत नुसती लाळ थुंकून देतात. "थुंकी नको, बेडका पाहिजे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलेलं नाही. मग ते करून दाखवतात. चूळ भरायची, उघड्यावर यायचं, तीनदा छाती भरून श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि पोटातून खोकायचं. घोलवडला चिकूच्या वाडीत त्यांनी हे शिकवलं तेव्हा फळं निवडणाऱ्या पंधरा बायका त्यांच्या "एक, दोन, तीन"वर एकदम खोकल्या. वाडीचे मालक फवारणीचं औषध सांडलं की काय म्हणून धावत आले. काकांनी त्यांनाही रांगेत उभं केलं. तेव्हापासून त्या भागात काकांचं नाव पडलं, खोकल्याचे मास्तर.

अशा माणसाच्या आयुष्यात टीबी तपासण्याचं नवं मशीन आलं.

त्याआधी मी काचेवर नमुना पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जंतू थोडे असले तर सुटायचे. शंका आली की नमुना बाहेर पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत माणूस कामाला गुजरातेत निघून गेलेला असायचा. नव्या मशीनमध्ये एका वेळी चार नमुने लागतात, दोन तासांत उत्तर येतं, आणि नेहमीच्या गोळ्या लागू पडतील की नाही तेही बरंचसं कळतं. पहिल्या दिवशी काका त्याच्यासमोर हाताची घडी घालून पूर्ण दोन तास बसून होते. शेवटी मला म्हणाले, "मॅडम, याला कान कुठे आहे?"

मग त्यांनी त्याच्याशी शर्यतच लावली. नमुना देताना ते आपला निकाल चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. 'पक्का' म्हणजे टीबीच, नाहीतर 'विडी', 'धूळ', असं. खरं सांगायचं तर बरेचदा त्यांचं बरोबर यायचं. बरोबर आलं की मशीनकडे बघून म्हणायचे, "आलास ना माझ्या मागून."

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडची माणसं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. मागच्या वर्षी त्याच दिवसांत काका नाक्यावरून आठ माणसं आणि त्यांची जीप अशी सगळी वरात दवाखान्यात घेऊन आले. माणसं वेवजीची, निघाली होती ओख्याला. त्यांच्यातला वसंत नावाचा सडपातळ खलाशी चहाच्या टपरीवर खोकत होता, तो काकांनी रस्त्यापलीकडून ऐकला होता.

त्यांचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, लाडक्या. आडवातिडवा गडी, आवाज असा की भर समुद्रात ऐकू जावा. तो भडकलाच. बोटमालकाचे सारखे फोन येत होते. वसंताला ठेवून घ्या, बाकीच्यांना सोडा, असं तांडेलाचं म्हणणं. काकांनी शांतपणे विचारलं, बोटीत झोपता कसे. आठ जण, एका केबिनमध्ये, वारा लागतो म्हणून दार लावून.

"मग एकाचा खोकला तो आठांचा," काका म्हणाले. "बोट थांबेल. हा थांबणार नाय."

आवारात आंब्याखाली खोकल्याची शाळा भरली. पहिले चार नमुने लावले, त्यांत वसंताचा होता. काकांची चिठ्ठी होती, 'पक्का'. लाडक्या तांडेल तासभर रुसून जीपमध्ये बसला होता. मधूनमधून खाकरायचा. शेवटी बाकीचे हसायला लागले म्हणून उतरला आणि डबी भरून दिली. त्याच्या चिठ्ठीवर काकांनी लिहिलं, 'तंबाखू'.

दोन तासांनी चौघांचं उत्तर आलं. चौघेही साफ, वसंतासकट. दुसरे चार लावले. ते दोन तास आंब्याखाली पत्त्यांचा डाव चालला होता आणि काका स्टुलावर मशीनसमोर बसून होते. तिघे साफ निघाले. चौथा तांडेल. त्याच्या नमुन्यात टीबी होता.

मला काकांकडे बघवेना. त्यांनी पडदा दोनदा वाचला, मला एकदा वाचायला लावला. मग दोन्ही चिठ्ठ्या उचलून कचऱ्यात टाकल्या आणि चक्क हसले.

"बरं झालं, मॅडम. माझ्यावर सोडलं असतं तर वसंताला घरी बसवलं असतं आणि याला त्या केबिनमध्ये पाठवलं असतं."

नेहमीच्या गोळ्या लागू पडणार होत्या. हे काकांनी तांडेलाला इतक्या आनंदाने सांगितलं की आजार आहे हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो खाली बसला आणि एवढंच म्हणाला, "बोट कोण चालवेल?" डॉक्टरांनी सगळ्यांना नीट समजावलं. जीप सात माणसं घेऊन गेली, त्यांचे नंबर काकांनी लिहून घेतले. शर्यत त्या दिवशी संपली. दुसऱ्या दिवसापासून काका मशीन पुसायचं कापड घरून धुऊन आणायला लागले.

आठवड्याने आम्ही दोघं तांडेलाच्या घरच्यांची तपासणी करायला वेवजीला गेलो. एवढा मोठा गडी पडवीच्या टोकाला पोतं अंथरून एकटा बसला होता. पोरं आत. त्याच्या बायकोने, सोनीने, आम्हाला चहा आणला. त्याचा कप मात्र वेगळा, कान तुटलेला, पडवीच्या कडेला ठेवलेला. तांडेल तो उचलून खाली मान घालून पीत होता. काका त्याच्याजवळ जाऊन बसले, बोलता बोलता त्याच्या हातातला अर्धा कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर मारून पिऊन टाकला.

सोनी बघत राहिली. काका तिला म्हणाले, "हा खोकल्याने पसरतो, कपाने नाय. तोंडाला रुमाल बांधू दे, घरात वारा खेळू दे. कप सगळ्यांतला चालेल." तिने तो कप आत नेला, आणि मांडणीत बाकीच्या कपांमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

परत येताना मी काकांचं कौतुक केलं. ते मोटरसायकल चालवत होते, चेहरा दिसत नव्हता. म्हणाले, डब्या वाहतो म्हणून लोक मलापण वेगळा ग्लास देतात. सोळा वर्षं झाली. बायको होती तोवर घरी गेल्यावर काही वाटायचं नाही. एवढं बोलून ते पुढच्या गावाच्या रस्त्याबद्दल बोलायला लागले.

आमच्या ऑफिसच्या खोलीत रोज दहाला चहा येतो. फळीवर प्रत्येकाचा मग आहे. काकांना कागदी कपात मिळतो. ते इतकी वर्षं आम्हा कोणाला, मलाही, दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरून एक निळा मग नेला आणि त्यात त्यांचा चहा ओतला. त्यांनी तो फिरवून पाहिला, कोणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमचा.

त्या दिवशी काकांनी दोनदा चहा घेतला.