साहेबांचा स्थिरांक

कार्यालयाची वेबसाइट तयार होत असताना साहेबांनी सहज विचारलं, "स्थिरांक म्हणजे काय हो?" पुढचं सगळं त्या प्रश्नामुळे झालं.

"प्रोग्राममधल्या बाकीच्या किमती मधेच बदलता येतात," प्रोग्रामरबाई म्हणाल्या. "स्थिरांक एकदा ठरला की ठरला. प्रोग्राम चालू असताना कुणालाच बदलता येत नाही."

साहेब खुर्चीत ताठ झाले. "वरिष्ठांनासुद्धा?"

"कुणालाच."

"मग कार्यालयप्रमुख म्हणून माझं नाव स्थिरांक करून टाका."

यथावकाश साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी मॅडम आल्या. मात्र वेबसाइटवरून निघणारा प्रत्येक आदेश साहेबांच्याच नावाने निघत राहिला.

"फाइल उघडून एक ओळ बदलायची, चुटकीसरशी होईल," प्रोग्रामरबाई म्हणाल्या.

"फाइलला हात लावायला कार्यालयप्रमुखांची परवानगी लागते," हेडक्लार्क म्हणाले.

"मॅडम बसल्यात की समोर!"

"संगणकाप्रमाणे प्रमुख साहेब आहेत. मॅडम अभ्यागत आहेत."

सगळे साहेबांच्या घरी गेले. साहेब कुंड्यांना पाणी घालत होते. "मी निवृत्त माणूस, परवानगी कशी देणार?" ते गहिवरून म्हणाले.

वैतागलेल्या प्रोग्रामरबाईंनी वेगळ्या फाइलीत तोच स्थिरांक मॅडमच्या नावाने पुन्हा ठरवून पाहिला. 'हे आधीच ठरलेले आहे' असा इशारा देऊन संगणकाने साहेबांचंच नाव कायम ठेवलं. हेडक्लार्कना भरून आलं. "शेवटी नियम कळतो तो यंत्रालाच!"

वरिष्ठ कार्यालयाने तोडगा काढला : नाव बदलणे अशक्य असल्याने व्यक्तीने जुळवून घ्यावे.

मॅडम संतापल्या, अडून बसल्या. पण लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना रजा हवी होती आणि ती देऊ शकणारे फक्त साहेब. शेवटी मॅडम कागदोपत्री साहेब झाल्या. साहेब म्हणून त्यांनी मॅडमची रजा ताबडतोब मंजूर केली. मॅडम रजेवर गेल्या. साहेबांना मात्र रजा नव्हती, त्यामुळे त्या रोज कामावर येत राहिल्या.

"आई, आहेस कुठे तू?" लेकीने फोनवर विचारलं.

"रजेवर आहे गं. ऑफिसातून बोलतेय."

त्याच आठवड्यात एक नागरिक आला. दारावर पुरुषाचं नाव, खुर्चीत बाई. तो घुटमळला, पाटीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "माझं काम होईल ना?"

"होईल."

"मग काही हरकत नाही, साहेब!"

हसताय काय? साहेबांच्या नावाने निघालेल्या अशाच एका आदेशाची प्रत तुमच्याही कपाटात आहे.