ओरांडा, मार्गे वारंगा फाटा

वारंगा फाट्यावर सुदाम राठोडचं एसटीडी, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. दोन हजार तीन सालात त्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एक अर्ज टाइप करायला आणि दुसरा, सुदामच्या म्हणण्याप्रमाणे, शिकवणीला. त्या दुसऱ्यावर आजवर कोणी काही शिकलेलं नव्हतं. त्याच्यापुढे बसून जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर भागवत आणि समोरचा पंक्चरवाला दिपक हे दोघे अवकाशात जहाज हाकत असत.

गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून फाट्यावर त्याला नुसतं 'जहाज' म्हणायचे. एका ताऱ्यावर धान्य घ्यायचं, दुसऱ्यावर विकायचं, वाटेत लुटारू आले तर पळायचं, असा तो साधा मामला. पण नांदेडहून आणलेल्या सीडीच्या डबीत एक पातळ पुस्तिका होती आणि तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की ओरांडा नावाची एक जागा आहे, ती कुठल्याच नकाशावर नाही आणि जे तिथं पोचले त्यांनी वाट कुणाला सांगितली नाही.

या एका वाक्यानं दोन भल्या माणसांची वाट लागली. भागवतचं म्हणणं, तीन ताऱ्यांवरून लागोपाठ तीन उड्या घेतल्या की पूर्वेकडून एक दरवाजा उघडतो. दिपकला हे मान्य नव्हतं. "दरवाजा बिरवाजा काही न्हाई," तो म्हणे, "आपण जागा शोधायची नसती. जागेनं आपल्याला बघावं लागतंय." यावर दोघांत इतकं वाजायचं, की टायपिंगला आलेली माणसं आपला अर्ज विसरून ऐकत बसायची.

सुदामला ओरांड्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याला त्याच्या तांड्याला बस हवी होती. थावरा नाईक तांडा फाट्यापासून सहा किलोमीटर आत. रस्ता होता, पण त्यावर बस नव्हती. सुदामची बहीण शिला नववीत होती आणि फाट्यावरच्या शाळेसाठी रोज बारा किलोमीटर चालत होती. मागच्या पावसाळ्यात तिच्यासोबतच्या पाच पोरींची शाळा सुटली होती. डेपोकडे आजवर तीन अर्ज गेले होते आणि तिन्ही तिकडेच मुक्कामाला राहिले होते.

चौथा अर्ज सुदामनं स्वतः टाइप केला. तांड्याचे नाईक, म्हणजे त्याचे चुलते खेमा राठोड, सही करायला मुद्दाम फाट्यावर आले. सोबत जोडायला सुदामनं तांड्याचा नकाशा हातानं काढला होता. त्याच वेळी भागवतही हजर होता. त्यानं ओरांड्याबद्दलचे आपले बारा मुद्दे खाली ताऱ्यांच्या नकाशासह फुलस्केपवर लिहून आणले होते आणि त्याच्या त्याला दोन झेरॉक्स हव्या होत्या. दोन्ही कागद मशीनवर असताना लाइट गेली. लाइट आली तेव्हा बाहेर काळीपिवळी जीप हॉर्न वाजवत होती आणि खेमाकाका म्हणत होते, "उरक बाबा, ही गेली की दुपारपस्तोर दुसरी न्हाई."

सुदामनं घाईघाईत अर्जाला कागद टाचला, पाकीट बंद केलं आणि काकांच्या हातात दिलं. काकांनी ते त्याच दिवशी डेपोत पोचतं केलं आणि परत आल्यावर सगळ्या तांड्याला सांगितलं, की या खेपेला काम बराबर झालंय.

पंधरा दिवसांनी भागवत दुकानात आला, तो कपाळाला आठ्या घालूनच.

"हे काय दिलंस मला?" त्यानं एक कागद पुढं केला. "मी आज दिपकला मुद्दे दाखवाया म्हणून घडी उघडली, तर आत लिंब, हिर, देऊळ. माजं ओरांडा कुठंय?"

सुदामनं कागद पाहिला. त्यानं स्वतः काढलेला तांड्याचा नकाशा होता. त्यानं कॉम्प्युटरवर अर्ज उघडून वाचला. अर्जात सगळीकडे 'सोबतच्या नकाशात दाखविलेल्या आमच्या तांड्यास' असंच होतं. तांड्याचं नाव एकट्या नकाशावर होतं आणि तो नकाशा आत्ता भागवतच्या हातात होता.

"तुमचे मुद्दे डेपोत गेले, भागवतभाऊ," तो खोल आवाजात म्हणाला.

भागवतनं कागद उलटून मागची बाजू तपासली. मग म्हणाला, "त्यांच्याकडं तरी हाय का रे सीडी?"

उद्या सकाळी पहिल्या गाडीनं डेपोत जायचं आणि हातापाया पडून तो कागद बदलून घ्यायचा, असं सुदामनं ठरवलं. पण तासाभरातच दुकानासमोर डेपोची जीप थांबली. मागच्या सीटवर डिझेलचे दोन भरलेले कॅन होते. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "ओरा तांड्याच्या पाहणीला आलोय. रस्ता कोणता?" त्याच्या हातातल्या फायलीवर कुणीतरी ओरांड्याचं ठळक अक्षरात 'ओरा तांडा' करून टाकलं होतं.

त्याच्यामागून वाहतूक निरीक्षक माणिकराव आत आले. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, शांत माणूस. त्यांनी दुकानावरून एक नजर फिरवली, शिकवणीच्या कॉम्प्युटरवर ती थोडी रेंगाळली, आणि ते म्हणाले, "ओरांड्याला जायचं होतं."

भागवत ताडकन उभा राहिला. इतक्या वर्षांत फाट्यावर आलेल्या कुठल्याच साहेबानं असा कामाचा प्रश्न विचारला नव्हता.

"थेट रस्ता न्हाई, सायेब," तो म्हणाला. "आधी तीन उड्या घ्याव्या लागतेत."

"ओढे आहेत का?"

"ओढेच म्हना. एकेका उडीत निम्मं इंधन जातंय."

माणिकरावांनी वही काढली. "आणि परतीचं?"

"परत कोण आलंय?" दारात पाना घेऊन उभा असलेला दिपक म्हणाला.

ड्रायव्हरनं माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव लिहीत होते. "लुटारूंचा उल्लेख आहे कागदात," ते म्हणाले.

"दुसऱ्या उडीपाशी," भागवत म्हणाला. "पण त्याइची तकलीफ न्हाई. थोडा माल फेकला की सोडून देतेत."

"कसला माल?"

"धान्य, कापड, जे असंल ते."

"सायेब, मला न्हाई यायचं," ड्रायव्हर म्हणाला. "घरी लेकरंबाळं हायेत माज्या."

आता बोललं नाही तर जीप फाट्यावरूनच परत जाणार, हे सुदामला दिसत होतं. तो काउंटर ओलांडून बाहेर आला. "मी नेतो तुमाला, सायेब. मी तिथलाच हाये."

दिपकच्या हातातला पाना खाली आला. "तू तिथला?" तो म्हणाला. "अन् दोन वर्षं झाली, आमी इथं बसून राहिलो, तू बोलला न्हाईस?"

सुदामनं त्याच्याकडे असं पाहिलं की दिपकला हळूहळू उलगडा झाला आणि तो पंक्चरकडे परत गेला. भागवत मात्र जीपमध्ये चढून बसला. कागद त्याचा होता, आणि त्याची पाहणी आपल्यामागं व्हावी हे त्याला पटत नव्हतं.

वाटेत ड्रायव्हर प्रत्येक मोरीला गाडी हळू करून दोन्ही बाजूंची झुडपं न्याहाळत होता. मोऱ्या बरोबर तीन निघाल्या. तिसरी ओलांडल्यावर भागवतनं सुदामला कोपरानं ढोसलं आणि कानाशी लागून म्हणाला, "बघ, तीन." सुदामनं डोळे मिटून घेतले.

जीप पाहून तांडा गोळा झाला. खेमाकाका फेटा बांधत पुढं आले आणि त्यांनी हात जोडले.

"ओरा तांडा तो हाच का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाई जी," खेमाकाका म्हणाले. "ह्यो थावरा नाईक तांडा. थावरा नाईक म्हंजी माजा आजा."

सुदामनं काकांना लिंबामागं ओढलं. कागदांची अदलाबदल, अर्जात राहून गेलेलं नाव, फायलीवर पडलेलं भलतंच नाव, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. "आता नाव येगळं म्हनलं तर अर्ज परत येतो, काका. पुन्हा पयल्यापासून. आजच्या दिवस आपण ओरा."

"काहून? दुसऱ्याच्या नावानं बस कशाला घेऊ मी?" खेमाकाकांचा आवाज चढला. "माज्या आज्यानं बैलं सोडून हितं पयली हिर खांदली. त्याचं नाव मी पुसू व्हय?"

तेवढ्यात शाळा सुटून आलेली शिला त्यांच्याजवळून गेली. तिनं चप्पल हातात घेतली होती, चपलेचा अंगठा तुटला होता. ती कुणाकडे न बघता घरात गेली. खेमाकाका त्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिले. मग फेटा सारखा करून ते माणिकरावांपुढं आले.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "ओराच."

"आत्ता तुम्ही थावरा नाईक म्हणालात."

"ते जुनं."

म्हातारी रूपाबाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. "कोन ओरा?" तिनं विचारलं.

"आपुनच," खेमाकाका म्हणाले.

"कवापासून?"

"मगाचपासून. गप बस."

माणिकराव चेहऱ्यावरची रेघ न हलवता सगळं वहीत उतरवत होते. लिंबाजवळ बस वळेल का हे त्यांनी पावलं टाकून मोजलं. किती लोक बाजाराला जातात, किती पोरं शाळेत जातात, किती पोरींची शाळा सुटली, हे एकेकाला विचारलं. चहा घेतला. जाताना भागवतला बाजूला बोलावून दोन-चार प्रश्न केले आणि त्याची उत्तरंही लिहून घेतली. जीप गेली.

पुढचे दोन महिने सुदामला नीट झोप लागली नाही. बस आली नाही तर आपल्यामुळं, आणि आली तर कपाळावर भलतंच नाव घेऊन येणार, तेही आपल्यामुळं. काका त्याच्याशी कामापुरतं बोलत. पोरं एकमेकांना 'ए ओऱ्या' म्हणू लागली होती. डेपोकडून पत्र आलं त्यात फक्त तारीख आणि वेळ होती.

त्या दिवशी सगळा तांडा नवी कापडं घालून लिंबाखाली उभा होता. बायकांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं होतं. खेमाकाका मात्र सगळ्यांच्या मागं, रस्त्याकडे पाठ करून बसले होते. तिसऱ्या मोरीवर धूळ उठली आणि लाल बस दिसू लागली. अजून पाटी वाचता येत नव्हती. शिलाचीच नजर तेवढी चांगली होती. ती डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

"काका," ती म्हणाली, "थावरा नाईक तांडा लिवलंय."

खेमाकाका उठले. त्यांनी बस जवळ येईपर्यंत काही विश्वास ठेवला नाही. आली तेव्हा ते पुढं होऊन पाटीची अक्षरं एकेक करून वाचत राहिले, आणि ताट त्यांनी बायकांच्या हातातून स्वतःकडे घेतलं.

बसमधून माणिकराव उतरले. सुदाम त्यांना गर्दीबाहेर घेऊन गेला आणि कागद कसा बदलला ते त्यानं खरं खरं सांगून टाकलं.

"माहीत आहे," माणिकराव म्हणाले. "माझा मुलगा नांदेडला शिकतो. जहाजच चालवतो दिवसभर. पहिल्या मुद्द्यालाच मी ओळखलं."

सुदाम त्यांच्याकडे बघतच राहिला. "मग आलात कशाला, सायेब?"

"तुमच्या तांड्याचे आधीचे तीन अर्ज फायलीत होते. चांगले होते, पण ते कुणी वाचले नव्हते. हा चौथा सगळ्या कचेरीनं वाचला. दोनदा वाचला. मॅनेजर साहेबांनी स्वतः सांगितलं, जाऊन बघून या आणि डिझेल जास्तीचं घ्या. मी कशाला मोडता घालू? तीन वर्षांत या बाजूच्या पाहणीला डिझेल मिळालं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "खालची सही तीच, नाव जुन्या अर्जात होतंच. आणि नाईक पहिल्या दमात खरं बोलले, ते मी लिहून घेतलं."

"अन् भागवतला इतकं काय विचारत होतात?"

माणिकराव जरासे संकोचले. त्यांनी मागं वळून पाहिलं, ड्रायव्हर ऐकत नाही याची खात्री केली आणि खिशातून घडी केलेला एक कागद काढून सुदामच्या हातात दिला. "हे त्यांना द्या. माझ्या मुलाचं आणि माझं असं मत पडलंय, की दरवाजा पश्चिमेला आहे. अठरा मुद्दे आहेत." मग थोडं थांबून ते म्हणाले, "झेरॉक्स काढून घ्या आधी. माझ्याकडे हीच एक प्रत आहे."