आप्पांच्या कुशीतली नागीण

यवतला माझं शिवणाचं दुकान होतं. दगडूआप्पा सदरा शिवायला टाकत आणि डाव्या बरगडीवर खिडकी ठेवायला सांगत. खिडकी म्हणजे वीतभर भोक, कडा दुमडलेल्या, आतून एकही टाका टोचणार नाही असं. पहिल्यांदा मला चेष्टा वाटली. तर म्हणाले, "तिला कापड सोसत न्हाई."

ती म्हणजे नागीण. अंगावर पट्ट्यासारखे फोड उठून आग होते, ते दुखणं. आप्पांचे फोड केव्हाच वाळले होते. फिकट डागांपलीकडे काही दिसत नव्हतं. दुखणं मात्र तसंच होतं. वारा सुटला की खिडकीपुढे पत्र्याचं झाकण धरून चालायचे, तेही अंगाला न लावता. एसटीत चढताना बजावायचे, "उजवीकडनं या, डावीकडं बाई बसलीया." नवखी माणसं बाई शोधायची.

माझ्या दुकानाच्या पायरीवर बसत आणि सांगत, "मशीन हळू चालवा ताई, आत्ताच डोळा लागलाय तिचा." मी मशीन थांबवत नसे, पण पाय आपोआप हळू पडायचा. कधी बोलताबोलता गप्प होत, मान डावीकडे कलती करून ऐकत आणि म्हणत, "व्हय, व्हय." अशा वेळी मी त्या बाजूला बघत नसे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी बघत नसे.

आप्पांचा जन्म मेंढरांमागे गेला. बायको वारली, मेंढरं विकली, आणि त्याच पावसाळ्यात नागीण उठली. लेक सुमन शिक्रापूरला, जावई कंपनीत, भाड्याची खोली. बापाच्या दुखण्याचं ऐकून ती दोन वर्षांच्या राणीला घेऊन आली होती. आप्पांनी नातीला कडेवरून खाली ठेवलंच नाही. परत गेल्यावर पोरीच्या अंगभर फोड आले, तापानं फणफणली. बरी झाली, पण त्यानंतर आप्पांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. सुमन एकटी यायची, एकटी जायची.

एकदा माझ्यापाशी रडली. "मावशी, पोरगी इचारती, आप्पा मला का हाकलत्यात? तुमचं ऐकतील ते. डाक्टरकडं न्या."

मी दौंडला नेलं. डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू नसेच्या मुळाशी दडून राहतात, म्हणाला. वय झालं, मनावर घाव बसला, अंगातला पहारा ढिला पडला, की ते नसेच्या वाटेनं वर येतात. पहारेकरी त्यांना हाकलतात, पण त्या मारामारीत नसच भाजून निघते आणि पुढं कारण नसताना दुखत राहते.

आप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं. "लांडगा गेला बाबा, तुमचं कुत्रं भुंकायचं थांबत नाही. या गोळ्यांनी गप्प बसेल. मधूनच एखादी कळ येईल, घाबरू नका."

"कुत्रं उगं भुंकत न्हाई," आप्पा म्हणाले. मग हळूच विचारलं, नातीला आपल्याकडनंच गेलं का. डॉक्टर खरं बोलला. हो, फोड ओले असताना तिला कांजिण्या लागल्या. आता तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. आप्पांनी त्यातलं 'हो' तेवढं ऐकलं.

गोळ्या मी समोर उभं राहून गिळायला लावल्या. काही आठवड्यांनी पत्र्याचं झाकण घरी राहू लागलं. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

एका दुपारी आप्पा दुकानात आले ते पांढरेफटक पडून. खूप दुखतंय का, मी विचारलं.

"न्हाई. सकाळपास्नं गप्प हाय. हाका मारल्या, वो देईना."

"मग चांगलंच आहे की."

"ताई, हितं न्हाई, तर गेली कुठं?"

मला हसू आलं आणि अर्ध्यावर थांबलं.

"शिक्रापूरची वाट तिला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "मला चावती तवर हितंच हाय, येवढं तरी कळत हुतं. इतकी वर्सं कुशीत धरून ठिवली. आन् तुम्ही गोळ्या देऊन सोडली."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या एसटीडी बूथवरून मी सुमनच्या घरमालकाकडे फोन लावला. राणी ठणठणीत होती, अंगणात लंगडी खेळत होती. मीच म्हटलं, तिलाच बोलवा. आप्पांनी रिसीव्हर उजव्या हातात घेतला आणि हात लांबवून धरला, अंगापासून होईल तितका दूर. नागीण तारेवरूनही जाते असं वाटत होतं की काय, मी विचारलं नाही. तेवढ्या अंतरावरून पोरीचा बारीक आवाज मलाही ऐकू आला.

"आप्पा, मी येऊ का?"

आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पोरीनं परत विचारलं, परत विचारलं. आणि एकाएकी आप्पा डाव्या अंगावर वाकले. कळ आली होती. डोळ्यांत पाणी आलं. मी धरायला उठले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. हळूहळू ताठ झाले. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"आली," मला म्हणाले, "घरी आली." मग रिसीव्हर प्रथमच तोंडाजवळ नेला.

"नगं येऊस, पोरी. खेळ तू. बिनघोर खेळ."