मागच्या खोलीतली इटली

अल्केताचा व्हिसा अडला तो वॉशिंग मशीनमुळे. ती इटलीत पाडोव्याला शिकायला निघाली होती; तिथे भाड्याने घेतलेल्या खोलीचा करार अर्जाला जोडायचा होता आणि तो इटालियनमध्ये होता. घरात इटालियनमधला आणखी एक कागद होता, मशीनची गॅरंटी. टीव्ही बघून बघून आपल्याला ती भाषा चांगली येते, असं अल्केताचे वडील थोमा यांचं ठाम मत. फाइल त्यांनी स्वतः लावली, कोणाला हात लावू दिला नाही आणि करार म्हणून गॅरंटी जोडून मोकळे झाले.

हे कळलं राजधानीत, तिरानाला, व्हिसा घ्यायला गेल्यावर. खिडकीतल्या बाईंनी हसू दाबत सांगितलं की मुलगी मशीनमध्ये राहणार नसेल, तर खरा करार आणून द्या. पुढे तीन आठवडे लागतील.

खरं तर एवढ्यावर भागलं असतं. पण अल्केताची आई झामिरा हिने निरोपाचा कार्यक्रम आदल्या दिवशीच उरकून टाकला होता. व्हिसा मिळाला की तिथूनच दुर्रेस बंदर गाठायचं, असा बेत होता. कोर्चातल्या त्यांच्या गल्लीतली अकरा घरं येऊन, लाक्रोर खाऊन, राकी पिऊन, अल्केताच्या गळ्यात पडून रडून गेली होती. सात जणींनी लोकरी मोजे दिले होते. शेजारच्या द्रिताकाकू तर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शिकून झालं की हिलाही तिकडेच नोकरी लागणार बघा, आमच्या गेंतियानसारखी." गेंतियान हा त्यांचा मुलगा. ऑस्ट्रियात ग्रात्सला शिकला आणि तिथेच मोठ्या कंपनीत इंजिनियर झाला. वर्षभर गल्लीला दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये झामिराने निर्णय दिला. "गल्लीसाठी तू गेलीस. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

दुपारी तीनला ते गल्लीत शिरले तेव्हा सगळे जेवून आडवे झाले होते. बॅगेची चाकं दगडांवर वाजू नयेत म्हणून थोमांनी ती पोटाशी धरून आणली. अल्केताची रवानगी मागच्या खोलीत झाली. लोणच्याच्या बरण्या, रजया आणि ती.

पहिल्या आठवड्यात ती शिंकायची ती उशीत तोंड खुपसून. द्रिताकाकू रोज सकाळी कॉफीला यायच्या, तेवढा वेळ तिला नळ सोडायचीही बंदी. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी हट्टच धरला, पोरीशी व्हिडिओवर बोलायचं. झामिराचा नाइलाज झाला. अल्केताने रजईची पांढरी बाजू मागे टांगली आणि फोन घेतला. तिथे थंडी आहे, प्राध्यापक चांगले आहेत, असं ती सांगत असतानाच चर्चच्या घंटा सुरू झाल्या. फोनमध्येही आणि खिडकीबाहेरही, ठोक्याला ठोका.

"तिकडेही आत्ताच वाजतात का गं?" काकूंनी विचारलं.

"इटली आहे ती," झामिरा म्हणाली. "तिथे चर्चला काय तोटा?"

काकूंनी फोनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि कॉफीचा घोट घेतला. पुढे काहीच विचारलं नाही. झामिराला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

त्या दुपारी अल्केताला खोलीत राहवेना. गल्ली झोपली होती. ती परसात गेली आणि भिंतीला टेकून उन्हात उभी राहिली. पलीकडून सिगारेटचा वास आला. तिने टाचा उंचावून पाहिलं, तर खाली पायजम्यात, दाढी वाढलेला गेंतियान बसला होता.



"तू पाडोव्यात आहेस," तो म्हणाला.

"आणि तू ग्रात्सला."

मग त्याने सगळं सांगितलं. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला वर्षभराची मुदत मिळाली होती. त्याने दोनशे अर्ज केले, अकरा मुलाखती दिल्या. एकीत त्यांना तो आवडलाही, पण निर्णय आला तो मुदत संपल्यावर नवव्या दिवशी. तो घरी येऊन चार महिने झाले होते. आईने तोवर गल्लीत त्याला बढतीसुद्धा दिली होती. "इथे कारखान्यात काम मिळेल मला," तो म्हणाला. "पण त्यासाठी घराबाहेर तर पडायला हवं." मग त्याने तिला सांगितलं, की तिकडे पोचल्यावर पहिल्या दिवसापासून नोकरीच्या मागे लाग, शेवटच्या वर्षाची वाट बघू नकोस. इतकं खरं तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर रोज दुपारी ती भिंतीशी जाऊ लागली.

व्हिसा आला. निघायचं पुन्हा दुपारी तीनलाच ठरलं. थोमांनी बॅग हँडलने उचलून पोटाशी धरली, दहा पावलं गेले आणि हँडल तुटलं. बॅग दगडांवर अशी आदळली की एकेक करत खिडक्या उघडल्या. आवाज ऐकून शेजारचं दार उघडलं आणि गेंतियान पायजम्यातच धावत आला. बॅग उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभा आहे.

समोरचे पेन्शनर लेफ्तेरआजोबा खिडकीत आले. "गेंतियान, तू कधी आलास? आणि पोरी, तू इटलीला गेली होतीस ना?"

 द्रिताकाकू दारातून म्हणाल्या, "आज सकाळी आले दोघं. एकाच गाडीने."

झामिराने त्यांच्याकडे पाहिलं. दोन बायकांना त्या एका नजरेत सगळं कळलं. "हो," ती म्हणाली. "एकाच गाडीने."

लेफ्तेरआजोबांनी अल्केताकडे पाहिलं, मग तिची बॅग धरून उभ्या असलेल्या गेंतियानकडे. "अस्सं," म्हणाले आणि खिडकी हळूच लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी जहाजाने दुर्रेस सोडलं तेव्हा झामिराचा फोन आला. दोघांचं लग्न ठरलं असं समजून अकराही घरं अभिनंदनाला येऊन गेली होती. नाही म्हणावं तर सगळंच सांगावं लागणार. द्रिताकाकू शेजारीच बसल्या होत्या, त्यांचंही तेच म्हणणं होतं.

"गेंतियान काय म्हणतो?" अल्केताने विचारलं.

"तो कारखान्यात गेलाय, कामाचं विचारायला. दाढी करून." झामिराचा आवाज बारीक झाला. "जाताना म्हणाला, अल्केता म्हणेल तसं."

अल्केता कठड्याला टेकून थोडा वेळ हसली. "माझं शिक्षण दोन वर्षांचं आहे, आई. तेवढ्यापुरतं हो म्हण."

पलीकडे दोन बायकांची कुजबुज झाली.

"दोन वर्षं जरा जास्त होतात गं," झामिरा म्हणाली. "हॉल आम्ही येत्या जूनचा सांगून बसलोय."