विचार करणारी आत्या

नातेवाईक ही माणसाला न मागता मिळणारी आणि बहुतेक वेळा नुसती पडून राहणारी संपत्ती आहे. जमीन पडून राहिली तर निदान गवत तरी उगवतं. नातेवाईक पडून राहिले तर फक्त म्हातारे होतात. या प्रचंड नासाडीकडे आजवर कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. शेवटी ते एका कंपनीचं गेलं, याबद्दल तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

कंपनी एक हिरवं द्रावण विकायची. ते फरशीला चालायचं, केसांना चालायचं, गुडघ्यांना चोळलं तरी चालायचं. (पिऊ नये, असं बाटलीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते उशिरा लक्षात आलं.) दुकानात मात्र ते ठेवत नसत. कारण सरळ होतं, दुकानदाराला माणूस तोंडावर नाही म्हणतो, मावशीला म्हणत नाही.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. एके दिवशी मावसभावाचा फोन आला. "फोनवर सांगण्यासारखं नाही रे, भेटूनच बोलू." दादाला वाटलं, याचा घटस्फोट होतोय. बिचारा हातातलं काम टाकून धावला. (घटस्फोट पुढे झालाच, पण त्याचा संबंध घरात साठलेल्या खोक्यांशी होता.) तासाभराने दादा बाहेर पडला तेव्हा तो चष्मेवाला राहिला नव्हता, 'स्वतंत्र उद्योजक' झाला होता.

कंपनीत वयाला किंमत नव्हती, जो आधी आला तो वरिष्ठ. काका दादानंतर आले. काका म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, लहानपणी दादाला पाढे येत नाहीत म्हणून उन्हात उभं करणारे. आता शनिवारच्या सभेत दादा आला की काका खुर्चीतून उठून म्हणायचे, "गुड मॉर्निंग, सर!" आणि टाळ्या वाजवायचे. जन्मभर पोरांना शिस्त लावली, ती अशी अंगाशी आली.

वर्षाच्या आत सगळं घराणं उद्योजक झालं. वहिनी झाल्या, दोन्ही मावश्या झाल्या, वहिनींचा भाऊही झाला. प्रत्येकाच्या पलंगाखाली बाटल्या, आणि विकत घ्यायला कोणी उरलं नाही. साध्या माणसाला इथे शंका आली असती, पण साधी माणसं शनिवारच्या सभेला येत नसत. "गिऱ्हाईक ही जुनाट कल्पना आहे," टायवाले वक्ते म्हणाले, आणि सभागृह उभं राहिलं. दादाने वहिनींना विकलेली एक बाटली दोन मावश्यांच्या हातून फिरत खास सवलतीत पुन्हा दादाकडेच आली. त्याने ती मोठ्या उत्साहाने घेतली. याला कंपनी 'उलाढाल' म्हणायची.

आता एकच माणूस बाहेर होतं, धाकटी आत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, रिटायर झाल्यावर घरचा फोन वाजायचा थांबला. तिच्याकडे कुटुंबीयांच्या जाण्याचं प्रमाण दरसाल शून्य पूर्णांक तीन होतं, आणि त्यातलेही निम्मे जण मजला चुकून गेलेले.

ही आत्या आली की दादा 'पाचू' पदावर चढणार होता. पाचूला हिरवा कोट मिळतो, स्टेजवर खुर्ची मिळते, आणि मुख्य म्हणजे मावसभावाला आपल्यासाठी उठून उभं राहावं लागतं. दादाची झोप उडाली होती. काकाही तिला आपल्या हाताखाली घ्यायला टपलेले. इथेच घोडं पेंड खात होतं.

पहिल्या रविवारी दादाने सगळं समजावलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. इतकंच काय, परत एकदा सांगायला लावलं! मग म्हणाली, "विचार करते हं. पुढच्या रविवारी ये ना, तोवर ठरवते."

पुढच्या रविवारी तिची शंका निघाली, "गुडघ्याला वर्तुळाकार चोळायचं की उभं?" शंकेचं उत्तर देता देता दादाने बाथरूमचा बल्ब बदलला. मग एकेक जण हात धुवून मागे लागला. वहिनी फळं घेऊन आल्या. मावसभावाने गळका नळ दुरुस्त केला. काकांनी तर तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं आणि रात्रभर दवाखान्यात बसले. कंपनीची शिकवणच तशी होती: नावाने हाक मारा, डोळ्यांत बघा, तब्येत विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत घड्याळ पाहू नका. सख्ख्या आत्याशी असं वागायचं असतं हे या घराण्याला फी भरून शिकावं लागलं. शिकले एकदाचे, हेही नसे थोडके.

आत्या अंगाने भरली. तिने नवे कप आणले. पण ताकास तूर लागू देईना.

"आत्या, हो की नाही ते एकदाचं सांगून टाक ना," दादा वैतागला.

"अरे, एवढा मोठा निर्णय! घाईत घ्यायचा का?" म्हणत तिने चहाला दूध वाढवलं. "बस, बस. मला ते पाचूचं काय ते नीट कळलंच नाही."

"आमची आत्या जरा सावकाश आहे," दादाने सभेत सांगितलं. सगळे सहानुभूतीने हसले. (एक्स्चेंजमध्ये ती एका वेळी बारा लाइनी सांभाळायची.)

मग एका शनिवारी सभागृहाला कुलूप दिसलं. टायवाल्यांचा फोन बंद. पुढे रीतसर जे होतं तेच झालं. प्रत्येकाने आपल्याला आत ओढणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, आणि घराण्यात कुणी कुणाशी बोलेना. आत्याला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल? तिचं नुकसान थोडंच झालं होतं!

त्या रविवारी आत्याने कप मांडून ठेवले. त्यानंतरच्या रविवारीही मांडले. मग मात्र तिने स्वतःच फोन केला.

"दादा, मी ठरवलं रे. सही करते. सगळ्यांना घेऊन ये."

"आत्या, कंपनी बुडाली," दादा दुकानात होता, हातात काच होती, तो तुटकपणे म्हणाला. "आता सहीचा काही उपयोग नाही."

पलीकडे कप एकमेकांत ठेवल्याचा आवाज आला. दादाला वाटलं, ती फोन ठेवतेय.

"मग दुसरी एखादी निघाली असेल ना रे?" आत्या म्हणाली. "तू बघ ना चौकशी करून. कसलीही चालेल. या वेळी मी नाही इतका वेळ लावणार."

दादाने हातातली काच खाली ठेवली, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. मग तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तो काही तिकडे फिरकला नाही.

अशा माणसाला नावं ठेवायलाच हवीत, आणि वाचकहो, तुम्ही ती केव्हाच ठेवली असतील. तो लबाड होता, स्वार्थी होता, हिरव्या कोटासाठी दर रविवारी तीन जिने चढत होता. तुम्ही सज्जन. तुम्ही आपल्या माणसांना कधी काही विकलं नाहीत. त्यामुळे तुमच्या आत्याकडे जायचं तुम्हाला काही कारणच पडलं नसेल.